पाण्याच्या शाईवरचा आळ

टी-शर्ट छापणाऱ्यांच्या धंद्यात एक मत आता सिद्ध झाल्यासारखं वावरतं : पाण्याची शाई भरवशाची नाही. ती सकाळी नीट चालते, अकराच्या सुमारास जड होते, दुपारी जाळीत बसते, आणि संध्याकाळी उरलेली शाई डब्यात परत टाकली तर दुसऱ्या दिवशी अख्खा डबा हाताबाहेर जातो. म्हणून ज्याला ऑर्डर वेळेत द्यायची आहे त्याने प्लॅस्टिसॉल, म्हणजे पाणी नसलेली पीव्हीसीची शाई, धरावं आणि पाण्याची शाई हौशी लोकांना सोडून द्यावी, असा सल्ला नव्या माणसाला सुरुवातीलाच मिळतो. या मताच्या जोडीला उपचारही ठरलेला असतो. शाई घट्ट झाली की पाणी मार, पातळ झाली की थिकनर मार. मला या दोन्हींचा प्रतिवाद करायचा आहे आणि तो एकत्रच करायला हवा, कारण मत आणि उपचार एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. निदान चुकीचं आहे. त्या निदानावरून दिलेलं औषध शाई खरोखरच बिघडवतं. आणि मग ती बिघडलेली शाईच निदानाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. शाईचा घट्टपणा हा कारखान्यातून डब्यात भरून आलेला कायमचा गुण नव्हे. त्या घटकेला शाईत पाणी किती उरलं आहे, त्या पाण्यात काय विरघळलेलं आहे, शाई ढवळून किती वेळ झाला आहे आणि तिच्यात कोणती रासायनिक क्रिया चालू आहे, यांवर तो ठरतो. यातली प्रत्येक गोष्ट छोट्या कारखान्यातही तपासता येते. ती न तपासता शाईला बेभरवशाची ठरवणं अन्यायाचं आहे, आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो हेही पाहायला हवं.

पाण्यातली शाई उत्पादनाला चालत नाही, या विधानाचं सर्वांत मोठं उत्तर कोणत्याही कापडदुकानात थप्पी लावून ठेवलेलं आहे. साड्या, चादरी, पडदे, ड्रेस मटेरियल हे मीटरवर छापलं जाणारं कापड बहुतांशी पाण्यातल्या पेस्टनेच छापलेलं असतं. पिगमेंट असो, सुतावरचा रिॲक्टिव्ह रंग असो की पॉलिएस्टरवरचा डिस्पर्स रंग, तिन्हींची पेस्ट पाण्याचीच. डच कंपनी स्टॉर्कने १९६३ साली हॅनोव्हरच्या प्रदर्शनात रोटरी स्क्रीनचं यंत्र मांडलं, आणि पुढच्या काळात सुरत-अहमदाबादच्या प्रोसेस हाउसांपासून जगभरच्या छपाई कारखान्यांपर्यंत तेच तंत्र पसरलं. मिनिटाला कित्येक मीटर वेगाने, पाळ्या बदलत ही यंत्रं चालतात आणि त्यांच्या नळकांड्यांत पाण्याची पेस्ट असते. त्याच्याही कितीतरी आधी कच्छच्या अजरखात डिंक आणि चुन्याचा लेप ठशाने उमटवला जात होता, लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या काळ्या रंगाला चिंचोक्याच्या पिठाने दाटपणा दिला जात होता. पाण्याला दाट करायचं आणि काम संपेपर्यंत तो दाटपणा राखायचा, ही विद्या आपल्याकडे प्लॅस्टिसॉलच्या जन्माआधी पिढ्यान्‌पिढ्या हातात होती. यावर आक्षेप येतो की गिरणीचं वेगळं आणि चार पॅलेटच्या मशीनवर हाताने छापणाऱ्याचं वेगळं. वेगळं आहेच, पण त्या वेगळेपणात काय दडलं आहे ते पाहावं. रोटरी यंत्रात पेस्ट नळकांड्याच्या आत झाकलेली असते, पंपाने सतत ताजी येते, आणि ‘कलर किचन’मधून निघण्यापूर्वी तिचा घट्टपणा मोजलेला असतो. हाताच्या छपाईत तीच पेस्ट उघड्या फ्रेममध्ये, पंख्याखाली, छाप मध्येच सुकवणाऱ्या फ्लॅशने तापलेल्या पॅलेटच्या वर, जेवणाच्या सुट्टीतही तशीच पडून राहते. म्हणजे फरक शाईत नाही, तिच्याशी होणाऱ्या वागणुकीत आहे. आक्षेप घेणाऱ्याने माझीच बाजू मांडली.

दुसरा पुरावा ऋतूंचा आहे, आणि महाराष्ट्रात तो डोळ्यांसमोर असूनही वापरला जात नाही. आपल्याकडे छोट्या छपाईवाल्यांचे गर्दीचे दोन हंगाम असतात. एक मे महिन्यात, शाळा आणि क्लासेस सुरू होण्याआधी. दुसरा गणेशोत्सवाच्या आधी, मंडळांचे टी-शर्ट आणि कुर्ते छापायच्या वेळी. मे महिन्यात सोलापूर, नागपूर, जळगावकडची तक्रार असते की शाई जाळीत सुकते. श्रावणात रत्नागिरी, ठाणे, पनवेलकडची तक्रार असते की छाप सुकतच नाही, चिकट राहते, धुतल्यावर उतरते. शाई तीच असते, कधी कधी लॉटही तोच, आणि तरी दोन तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट. दोष डब्यात असता तर तो ऋतू पाहून बदलला नसता. याचा हिशेब भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकाएवढाच सोपा आहे. ४० अंश सेल्सियसला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाचा दाब सुमारे ७.४ किलोपास्कल असतो. दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर त्यातले जेमतेम दीड किलोपास्कल भरलेले असतात आणि सुमारे ५.९ रिकामे. ही रिकामी जागा शाईतलं पाणी ओढून घेते. पावसाळ्यात २८ अंशांना एकूण दाब सुमारे ३.८ असतो, आर्द्रता ८५ टक्के असली तर रिकामी जागा उरते सुमारे ०.६. म्हणजे हवेची ओढ दोन्ही हंगामांत जवळपास दहापट वेगळी. पाणी उडताना शाईचा पृष्ठभाग थोडा गार होतो, त्यामुळे प्रत्यक्षातलं अंतर याहून कमी भरेल, पण तरी ते कित्येक पटींचं राहील. एवढ्या फरकात एकच डबा, एकच जाळी, एकच वेग आणि सुकणं लांबवणाऱ्या रिटार्डरचं एकच प्रमाण बारा महिने वापरायचं आणि मग शाईत सातत्य नाही म्हणायचं, हे तर्काला धरून नाही. हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं हायग्रोमीटर एका बिघडलेल्या गठ्ठ्याच्या मानाने काहीच महाग नाही, तरी छपाईच्या टेबलाजवळ ते क्वचितच लटकलेलं दिसतं.

आता शाईच्या आत काय होतं ते बारकाईने पाहू, कारण ‘पाणी मार’ या उपचाराचा सगळा खोटेपणा तिथे उघडा पडतो. समजा एक किलो शाईत ४०० ग्रॅम घन भाग आहे, म्हणजे रंगद्रव्य, ॲक्रिलिक बाइंडर वगैरे, आणि ६०० ग्रॅम पाणी. दोन तासांत ६० ग्रॅम पाणी उडालं. घन भागाचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ४२.६ वर गेलं. हा आकडा किरकोळ वाटतो, पण घट्टपणा या आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही. शाईतले कण आणि फुगलेला थिकनर यांनी आधीच बरीचशी जागा व्यापलेली असते. त्यांना एकमेकांजवळून सरकायला उरलेली मोकळीक थोडीच असते. तीच मोकळीक पाण्याबरोबर कमी होते आणि घट्टपणा एकदम चढतो. कारागिराला हाताला जे जाणवतं ते खरं असतं. शाई ओढायची स्क्वीजी जड झालेली असते. तो अंदाजाने दीडशे ग्रॅम पाणी ओततो. आता घन भाग ३६.७ टक्क्यांवर आला, मूळच्यापेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी. पण खरं नुकसान याहून मोठं आहे. कडेला, स्क्वीजीवर आणि पृष्ठभागावर जी शाई वाळली होती तिच्यातले बाइंडरचे कण एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा झालेला असतो. ॲक्रिलिक बाइंडरचं कामच ते आहे : पाणी गेलं की कायमचं जोडलं जायचं. दुधावरची साय पाणी घालून पुन्हा दूध होत नाही, तसाच हा पापुद्रा पाणी घालून पुन्हा शाई होत नाही. तो तुकडे होऊन तरंगतो आणि बारीक जाळीच्या भोकांत अडकतो. मग एकाच फ्रेममध्ये दोन उलटे दोष एकत्र दिसतात : मधली शाई पातळ झाल्याने नक्षीची कड फुटलेली, आणि गुठळ्यांमुळे जाळी चोक झालेली. हे पाहून कारागीर गोंधळतो यात नवल नाही. मग थिकनर पडतं. थिकनर स्वभावतः पाणी ओढणारं. जास्त झालं तर छाप सुकल्यावरही त्यातच राहतं, छापाचा स्पर्श कडक करतं आणि ओल्या कापडाच्या घासण्याने रंग सुटू लागतो. ग्राहक टी-शर्ट धुतो, रंग जातो, आणि निकाल पुन्हा तोच : पाण्याची शाई टिकत नाही.

घट्ट झालेली प्रत्येक शाई पाणी उडाल्यामुळेच घट्ट झालेली असते, हेही एक न तपासलेलं गृहीतक आहे. कमी तापमानाला छाप पक्की व्हावी म्हणून फिक्सर घातला असेल, तर तो बाइंडरच्या साखळ्या एकमेकींना बांधायला डब्यातच सुरुवात करतो. अशा शाईचं आयुष्य काही तासांचं किंवा फार तर दिवसभराचं, आणि ते उत्पादकाच्या पत्रकात लिहिलेलं असतं. ती घट्ट होऊ लागली की तिच्यात पाणी घालणं व्यर्थ, कारण कमी झालेली गोष्ट पाणी नव्हे. ती टाकून द्यावी लागते, म्हणूनच फिक्सर अख्ख्या डब्यात न घालता त्या वेळच्या कामापुरत्या शाईतच घालायचा असतो. दुसरी गल्लत ढवळण्याची. सिंथेटिक थिकनरची शाई ढवळली की पातळ होते आणि निवांत ठेवली की पुन्हा धरते. स्क्वीजीखाली ती सहज सरकावी आणि कापडावर पडल्यावर जागच्या जागी थांबावी म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. ड्रिलला पाते लावून पाच मिनिटं जोरात घुसळलेली शाई साहजिकच पातळ भासते. तेवढ्यावरून थिकनर घातलं, तर दुसऱ्या सकाळी डबा उघडल्यावर चमचा उभा राहतो. शाईने विश्वासघात केला असं तेव्हा म्हटलं जातं. खरं तर निर्णय चुकीच्या घटकेला घेतला गेला होता. ढवळल्यानंतर शाईला थोडा वेळ द्यावा आणि मग तिच्याबद्दल मत बनवावं, एवढ्यावर यातली निम्मी प्रकरणं मिटतील.

पातळ होण्याची कारणं तर याहूनही दुर्लक्षित आहेत, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कारण म्हणजे पाणी स्वतः. सिंथेटिक थिकनरमध्ये पॉलिॲक्रिलिक आम्लाच्या लांब साखळ्या असतात. अमोनियाने त्यांना ऋण भार मिळतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या उलगडतात, फुगतात आणि पाणी दाट होतं. त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा मीठ असेल तर हे भार झाकले जातात, साखळ्या पुन्हा आकसतात आणि दाटपणा कोसळतो. मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या पट्ट्यात कारखान्याचा नळ बहुतेक वेळा बोअरचा असतो, आणि ते पाणी किती जड आहे हे बादलीच्या कडेला साचणाऱ्या पांढऱ्या थराने कळतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. माणसाला चालणारं हे पाणी शाईला चालेलच असं नाही. म्हणून दोन गावांतले दोन छपाईवाले एकाच कंपनीची शाई घेतात, दोघेही ‘थोडं पाणी’ घालतात, आणि एकाची शाई पडून जाते, दुसऱ्याची नाही. त्यांनी घातलेलं पाणी एक नव्हतंच. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी किंवा आरओचं पाणी वापरलं की हा प्रश्न उरत नाही. दुसरं कारण अमोनिया. शाईचा पीएच साधारण ८ ते ९ च्या दरम्यान राखलेला असतो. डबा दिवसभर उघडा राहिला की अमोनिया पाण्याआधी उडतो, पीएच घसरतो, थिकनरचे भार जातात आणि शाई पाण्यासारखी होते किंवा बाइंडर फुटून दाणेदार होतं. म्हणजे तोच उघडा डबा एका परिस्थितीत शाई घट्ट करतो आणि दुसऱ्या परिस्थितीत पातळ. पीएचची कागदी पट्टी बुडवली तर दोन्हींतला फरक क्षणात कळतो. गवार किंवा तत्सम नैसर्गिक डिंकावर बनवलेली पेस्ट असेल तर जिवाणू ती अक्षरशः खातात. शिळा आंबूस वास आणि रात्रीतून आलेलं पातळपण ही त्याची खूण. अशा पेस्टमध्ये थिकनर ओतणं म्हणजे जिवाणूंना आणखी खाऊ देणं.

यातून कामाची जी रीत निघते ती मी इथे सविस्तर देतो, कारण नुसतं ‘मोजा’ म्हणणं हा सल्ला नव्हे. छपाई सुरू करताना पसरट ताटलीत ठरावीक वजनाची शाई घ्यावी, फ्रेममध्ये असते साधारण तेवढ्याच जाडीची, आणि ताटली मशीनशेजारी त्याच हवेत ठेवावी. फ्रेममधली शाई छपाईत संपत असल्याने तिच्या वजनावरून पाण्याचा हिशेब लागत नाही. ताटलीतली शाई कुठे जात नाही, तिचं वजन कमी होतं ते फक्त उडालेल्या पाण्याचं. तासाभराने ग्रॅमच्या काट्यावर ती ठेवली की त्या दिवशीच्या हवेत तासाला किती टक्के पाणी जातं ते हातात येतं, आणि फ्रेममधल्या शाईला तेवढंच, चांगलं पाणी, फवाऱ्याने, पापुद्रा धरण्याआधी परत देता येतं. ओतलेल्या तांब्याभर पाण्यात आणि मोजून दिलेल्या फवाऱ्यात मोठं अंतर आहे : पहिलं झालेलं नुकसान झाकायला जातं, दुसरं नुकसान होऊ देत नाही. घट्टपणा मोजायला रंगकामात वापरतात तो फोर्ड कप इथे फसवतो, हेही सांगायला हवं. ही पेस्ट स्वतःच्या वजनाने धड वाहत नाही, त्यामुळे कपातून किती सेकंदांत गेली हा आकडा स्क्वीजीखाली ती कशी वागेल याबद्दल फारसं सांगत नाही. ब्रुकफील्डचं फिरतं यंत्र वेगवेगळ्या वेगांवर मोजतं म्हणून ते खरं, पण ते छोट्या कारखान्याच्या खिशाबाहेरचं. त्याऐवजी ठरावीक मापाची शाई काचेवर ठेवून एका मिनिटात ती किती पसरते ते पट्टीने पाहावं. चांगल्या दिवशीचं पसरणं लिहून ठेवलं की तुलनेला आधार मिळतो. उरलेली शाई डब्यात परत टाकण्याआधी बारीक जाळीतून गाळावी, आणि शक्यतो ती मूळ डब्यात न टाकता वेगळी ठेवावी. दोन छापांच्या मध्ये फ्लड स्ट्रोक देऊन नक्षी शाईखाली झाकलेली ठेवावी. ही शेवटची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि घाईत हीच सर्वांत आधी सुटते.

आता प्लॅस्टिसॉलवाल्यांचा मुख्य युक्तिवाद. त्यांचं म्हणणं, एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा जी शाई जाळीत सुकतच नाही ती का वापरू नये? प्लॅस्टिसॉल सुकत नाही हे खरं. त्यात उडून जाणारं पाणी नाही, पीव्हीसीची भुकटी प्लॅस्टिसायझरमध्ये मिसळलेली असते आणि १६० अंशांच्या आसपास ती एकजीव होते. काळ्या कापडावर दाट पांढरा छापायचा असेल तर तिची सोय मी नाकारत नाही. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर लागतो, त्यामुळे पाण्याच्या पांढऱ्या शाईत पाण्याला खेळायला जागा कमी उरते आणि ती सर्वांत आधी जड होते. हा तिचा खरा कमकुवतपणा आहे. पण एका अवघड रंगावरून सगळ्या शाईला निकालात काढणं आणि मऊ सुती कुर्त्यावर, ओढणीवर, बाळाच्या झबल्यावरही रबरासारखा थर चढवणं, याला निवड म्हणता येणार नाही. युरोपीय संघाने आणि २००८ च्या कायद्याने अमेरिकेने मुलांच्या खेळण्यांत आणि वापराच्या वस्तूंत काही थॅलेट प्लॅस्टिसायझरना ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. निर्यातीचा माल छापणाऱ्याला हे माहीत असतं, देशी बाजारासाठी छापणाऱ्याला विचारणारं कोणी नसतं. शिवाय प्लॅस्टिसॉलची सवय झालेल्या कारखान्यात पाण्याची शाई आणली की ड्रायरचा पट्टा त्याच वेगाने चालवला जातो. एक किलो पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला सुमारे २९० किलोज्यूल लागतात आणि त्याची वाफ करायला सुमारे २२६०. पाणी पूर्ण गेल्याशिवाय छापाचं तापमान शंभरच्या वर चढत नाही, मग दीडशे अंशांना बाइंडर पक्कं व्हायचं तर दूरच. प्लॅस्टिसॉलच्या वेळेत पाण्याची शाई अर्धी कच्चीच बाहेर पडते, आणि वर अंदाजाने पाणी ओतून पातळ केलेली शाई असेल तर आणखीच कच्ची. पहिल्या धुण्यात रंग गेला की तो शाईचा दोष म्हणून नोंदला जातो, पट्ट्याच्या वेगाचा नाही.

जुन्या पिढीतल्या काहींचा आक्षेप वेगळा आहे आणि त्यात एक खरी आठवण आहे. पूर्वी पिगमेंटची पेस्ट घासलेट घालून बनवत, ती छान चालायची, जाळी एवढी भरत नसे. खरं आहे. पाण्यात घासलेटाचे थेंब घुसळून केलेल्या त्या इमल्शनचा दाटपणा थेंबांच्या गर्दीतून येई, विरघळलेल्या मिठाची तिला फारशी पर्वा नव्हती, आणि मागे थिकनरचा काही अवशेष राहत नसल्याने छाप मऊ पडे. पण त्या पेस्टमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक घासलेट असे आणि ते सगळं कापड सुकताना हवेत जाई, म्हणजे आधी छापणाऱ्याच्या छातीत आणि मग गल्लीत. आगीचा धोका वेगळाच. सिंथेटिक थिकनर आलं ते हे थांबवण्यासाठी. नव्या पेस्टला कठीण पाणी सोसत नाही ही तिची अट आहे, आणि ती अट पाळणं घासलेटाच्या वाफेत श्वास घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मात्र इथे उलट दिशेची अतिशयोक्तीही नाकारली पाहिजे. पाण्याची शाई म्हणजे निर्दोष शाई, असं विकणारे सांगतात. ते खरं नाही. तिच्यात ग्लायकॉल असतात, काही बाइंडर पक्कं होताना फॉर्मल्डिहाइड सोडतात, आणि बिघडलेली शाई मोरीत ओतली की ती नाल्यातच जाते. म्हणूनही शाई न बिघडू देणं महत्त्वाचं. डबा वाचवला की नाल्यात जाणारी शाईही तेवढीच कमी होते.

एक आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो माणसाच्या बाजूचा आहे. बेचाळीस अंशांच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या माणसाला पंखा बंद करायला कसं सांगणार? सांगूच नये. पंख्याचा झोत छापणाऱ्याच्या पाठीवर येईल आणि फ्रेमवर येणार नाही असा वळवावा, फ्रेमच्या कडेला पुठ्ठ्याचा आडोसा करावा, फ्लॅशनंतर पॅलेट थंड व्हायला एक फेरी मोकळी सोडावी, ओल धरून ठेवणारा रिटार्डर त्या महिन्यांत प्रमाणात वाढवावा. तोच रिटार्डर आषाढात कमी करावा, कारण त्यातले ग्लिसरीन आणि युरिया तेव्हा हवेतली ओल ओढून छाप चिकट ठेवतात. दुपारची सुट्टी होताना फ्रेममधली शाई उचलून झाकणाच्या डब्यात घ्यावी आणि जाळी ओल्या फडक्याने पुसावी. या गोष्टींना पैसा लागत नाही, पण वेळ लागतो.

शाई विकणाऱ्यांकडेही माझं मागणं आहे. डब्यावर ‘पर्यावरणपूरक’ हे मोठ्या अक्षरांत आणि घन भाग किती टक्के, पीएच किती, कोणत्या पाण्याने किती टक्क्यांपर्यंत पातळ करावी, फिक्सर घातल्यावर किती तास, किती तापमानाला किती मिनिटं, हे कुठेच नाही, अशी लेबलं आता चालू नयेत. हे आकडे उत्पादकाच्या प्रयोगशाळेत असतातच. त्याशिवाय शाई बनत नाही. ते मराठीत, हिंदीत, छापणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत डब्यावर आले पाहिजेत. ‘आवश्यकतेनुसार पाणी मिसळा’ ही सूचना जबाबदारी झटकणारी आहे. आवश्यकता किती हे ठरवायचं साधन न देता चूक मात्र वापरणाऱ्याची ठरवायची मोकळीक ती घेते.

आणि चुकीची किंमत तोच मोजतो. छोट्या कारखान्यांत छपाईची मजुरी पुष्कळदा नगावर असते. जो नगावर कमावतो तो ताटली काट्यावर ठेवायला, पीएचची पट्टी बुडवायला, शाई गाळायला थांबणार नाही, कारण थांबलेलं प्रत्येक मिनिट त्याच्या मजुरीतून जातं. तो पाणी ओतून पुढे जाईल, आणि माल परत आला की दोष त्याच्या हाताचा किंवा शाईचा ठरेल. मालकाने नगाच्या दराने घाई विकत घ्यायची आणि कारागिराकडून निगराणीची अपेक्षा करायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही. शाई तपासायला लागणारा वेळ नगाच्या दराबाहेर, तासाच्या हिशेबाने द्यावा, काटा आणि हायग्रोमीटर मालकाने आणावं, आणि त्या दिवशीचे आकडे भिंतीवरच्या वहीत छापणाऱ्याच्याच हाताने लिहिले जावेत. मग माल परत आला तर बोट दाखवण्याआधी वही उघडता येईल.